भिंतीवरचे जाळे

रेवदंड्याच्या खाडीवरचा पूल ओलांडून मुरूडच्या वाटेला लागले की उजव्या हाताला समुद्र आणि डाव्या हाताला डोंगर अशी दुहेरी सोबत सुरू होते. त्या वाटेवरच्या एका कोळीवाड्यात आमचे जुने जाणे-येणे आहे. दोन वर्षांपूर्वी असेच गेलो असताना पावसाळी मासेमारीबंदीचे दिवस होते. होड्या वर ओढून झाकलेल्या होत्या, आणि एका घराच्या पडवीत सत्तरी ओलांडलेले एक नाखवा भिंतीला पाठ टेकून पाग विणीत बसले होते. पाग म्हणजे उथळ पाण्यात हाताने फेकायचे लहान जाळे. उजव्या हातात बांबूची सुई, डाव्या हातात बांबूचीच एक गुळगुळीत पट्टी. पट्टीभोवती दोरा फिरवायचा, गाठ मारायची, पुन्हा फिरवायचा. जाळ्याचे प्रत्येक घर त्या पट्टीच्या मापाचे. डोळे आमच्याकडे, बोलणे आमच्याशी, आणि बोटे आपली आपण चाललेली.

अशा वेळी आमच्यासारख्या शिकल्यासवरलेल्या माणसाला जो प्रश्न सुचावा तोच सुचला. "नाखवा, ही विद्या नातवाला शिकवलीत की नाही? तुमच्यामागे हे कोण करणार?"

नाखवांनी सुई थांबवली नाही. "मास्तर, तुमचा मुलगा काय करतो?"

"मुंबईला बँकेत आहे."

"मग माझ्या नातवानं काय वाईट केलंय? तो अलिबागला कॉम्प्युटर शिकतोय."

ते हसले, आम्हीही हसलो. पण तो प्रश्न आमच्याबरोबर घरी आला आणि अजून मुक्कामाला आहे. नष्ट होत चाललेल्या हस्तकला जपल्या पाहिजेत, असे आपण सभांतून बोलतो, मासिकांतून लिहितो. पण जपायच्या कोणी? कोणाच्या खर्चाने? आपला मुलगा बँकेत आणि नाखवांचा नातू मात्र पडवीत, अशी वाटणी आपण मनात कधी करून टाकली, हे आपल्यालाही कळलेले नसते.

या किनाऱ्याला हस्तकलांच्या मरणाचा अनुभव नवा नाही. रेवदंड्याला लागूनच चौल आहे. पोर्तुगीजांनी १५१६ मध्ये येथे वखार घातली, १५२१ मध्ये किल्ल्याला हात घातला आणि १७४० मध्ये हा सारा मुलूख मराठ्यांच्या स्वाधीन करून ते गेले. मधल्या काळात चौलचे रेशीम जगप्रसिद्ध होते. लिन्सखोटेन या डच प्रवाशाचा प्रवासवृत्तांत १५९६ मध्ये छापला गेला. चीनहून कच्चे रेशीम चौलला येते, तेथे ते विणले जाते आणि त्या कापडावर सारा हिंदुस्थान पोसला जातो, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. पुढे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई बेट इंग्रजांच्या हाती आल्यावर चौलकडचे विणकर तिकडे जाऊन वसू लागले. आज चौलच्या वाड्यांतून नारळ आहेत, सुपारी आहे, पर्यटकांच्या खोल्या आहेत, माग नाही. ती वस्त्रे विणणाऱ्या हातांपैकी एकाचेही नाव आपल्याला माहीत नाही. विणकराने चौल सोडले ते कलेवरचे प्रेम आटले म्हणून नव्हे. जेथे पोट भरेल आणि जीव निर्धास्त राहील तेथे तो गेला. त्याला आपण दोष देणार आहोत काय?

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. याच किनाऱ्यावरचे बेने इस्राएल. त्यांचे पूर्वज नवगावजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागले अशी त्यांची परंपरा सांगते. पिढ्यानपिढ्या त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना नाव दिले शनवार तेली. एकोणिसाव्या शतकात ते मुंबईला गेले, शिकले, फौजेत आणि कचेऱ्यांत शिरले; १९४८ नंतर पुष्कळसे इस्राएलला गेले. अलिबागेत इस्राएल आळी आहे, रेवदंड्यालाही त्यांचे प्रार्थनामंदिर आहे. घाणा मात्र गेला. तो गेला म्हणून त्या समाजात कोणी अश्रू ढाळल्याचे आम्ही ऐकलेले नाही. बैलामागे दिवसभर फिरण्यापेक्षा शाळेत जाणे चांगले, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. आणि गंमत पाहा, आज मुंबईत "लाकडी घाण्याचे तेल" म्हणून बाटलीला दुप्पट-तिप्पट दाम मोजून लोक तेल नेतात! बैलाच्या जागी विजेची मोटार आहे, आणि तेल्याच्या जागी ज्याने भांडवल घातले तो. कला परत आली, पण ज्यांच्या खांद्यावर ती शेकडो वर्षे होती त्यांच्याकडे नव्हे.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलणे भाग आहे. आपल्या देशात हस्तकला ही बहुधा जन्माने गळ्यात पडलेली असते. बुरुडाच्या मुलाने टोपल्या विणायच्या, चांभाराच्या मुलाने चामडे कमवायचे. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या जातिनिर्मूलनावरील आपल्या निबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिले की जात ही नुसती कामाची विभागणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांची विभागणी आहे. रायगडच्या डोंगरपट्टीतील कातकरी समाजाला तर कात काढण्याच्या कामावरूनच नाव पडले. खैराची झाडे आणि जंगलावरचा हक्क दोन्ही गेले, कात गेला आणि नाव तेवढे राहिले. आज त्यांच्यातील कितीतरी कुटुंबे वर्षातले अनेक महिने कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर काढतात. अशा समाजात "पिढीजात कला सोडू नका" हा उपदेश कितीही प्रेमाने केला तरी त्याला "आपली पायरी सोडू नका" याचा वास येतो. आमच्या प्रश्नालाही तो आला असणार, आणि नाखवांच्या नाकाला तो लगेच लागला.

तर मग जाऊ द्यायच्या का साऱ्या कला? घाणा गेला, माग गेला, पागही जाऊ द्यावा? इतके सोपे उत्तर आम्हाला पटत नाही.

कारण जाळे ही वस्तू आहे, आणि जाळे विणणे हे ज्ञान आहे. वस्तू संग्रहालयात ठेवता येते. ज्ञान जिवंत माणसाच्या देहातच राहते. नाखवांच्या तरुणपणी बोंबील-जवळ्यासाठी लावायची मोठी डोलसुद्धा घरोघर हाताने विणली जाई. डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीत रोवून ठेवलेली लांबच लांब पिशवी. तोंडाशी, म्हणजे म्होरेला, हात जाईल एवढी घरे; मागे सरकत जावे तशी ती बारीक होत शेवटी खोल्यात जवळाही अडकेल अशी. कोणत्या घरानंतर किती गाठी कमी करायच्या हे कागदावर लिहिलेले नव्हते. सुताची जाळी कुजू नयेत म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यात ती उकळून काढीत. उधाणाला पाण्याची ओढ किती, भांगाला किती, हे ज्याला ठाऊक त्यालाच जाळ्याची लांबी ठरवता येई. साधारण १९६० च्या सुमारापासून नायलॉन आले, आणि ते आले याबद्दल एकाही कोळ्याला तुम्ही कुरकुरताना ऐकणार नाही. नायलॉन कुजत नाही, हलके असते, वर्षानुवर्षे टिकते. आता कारखान्यात विणलेले जाळे किलोवर मिळते. ते कापून, जोडून, दोर लावून डोल उभी करणे आणि फाटले की शिवणे एवढे काम हाताला उरले आहे. म्हणजे कला एका फटक्यात मरत नाही. ती आधी दुरुस्तीपुरती उरते. दुरुस्ती करणारा शेवटचा माणूस गेला की मग, फाटलेले टाकून नवे आणायचे एवढेच आपल्या हाती राहते.

ज्ञान देहात राहते म्हणजे काय, हे आपल्या कोर्लईच्या बांधवांकडे पाहिले की नीट कळते. पोर्तुगीज सत्ता जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली तरी त्यांच्या घरांत पोर्तुगीजेतून घडलेली ती आगळी बोली अजून ऐकू येते. तिच्यावर कोणाचे पोट नाही, तिची शाळा नाही. आईने लेकराशी तीतून बोलावे, एवढ्यावर ती तगली. भाषातज्ज्ञांनी तिच्यावर ग्रंथ लिहिले आहेत, पण ग्रंथाने बोली जगत नाही. ती चुलीपाशी जगते. एवढा फरक मात्र आहे की बोली बोलायला वेगळा वेळ काढावा लागत नाही आणि पाग विणायला वीस-बावीस दिवस लागतात. त्या दिवसांचे मोल कोणीतरी चुकवावे लागते.

आणि येथे आम्हाला आमची एक लाजिरवाणी गोष्ट सांगितली पाहिजे. त्या भेटीनंतर महिनाभराने आम्ही पुन्हा गेलो आणि नाखवांना म्हटले, "आमच्यासाठी एक पाग विणा. नायलॉनचा नको, सुती दोऱ्याचा, पहिल्यासारखा." त्यांनी हिशेब केला. बावीस दिवस लागतील, चार हजार रुपये पडतील. दिवसाला दोनशेही पडत नव्हते. आणि आम्ही, हस्तकलांच्या ऱ्हासावर दोन ठिकाणी भाषणे केलेले आम्ही, चटकन बोलून गेलो, "बाजारात तयार पाग निम्म्याहून कमी किमतीत मिळतो, नाखवा."

"मिळतो की," ते म्हणाले. "तो घ्या."

वाचकहो, १९८१ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी श्रमावर जे परिपत्रक काढले त्यात श्रमाचे मोल काय तयार झाले यावरून ठरत नाही, ते करणारा माणूस आहे यावरून ठरते असा विचार मांडला आहे. आम्ही तो वाचला होता, त्यावर एका शिबिरात बोललोही होतो. पण पडवीत बसून भाव करताना आमच्यासमोर माणूस नव्हता, पाग होता आणि बाजारातला दुसरा पाग होता. घासाघीस ही आपल्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. दुकानात काचेआड ठेवलेल्या वस्तूची किंमत आपण निमूट देतो. टोपली घेऊन दारात आलेल्या बुरुडणीशी मात्र दहा रुपयांसाठी हुज्जत घालतो. मग तिचा मुलगा टोपली विणत नाही म्हणून हळहळतो.

आम्ही चार हजार कबूल केले. तेव्हा नाखवांनी विचारले, "कुठं फेकणार? खाडीत की खडकात? त्याप्रमाणे घर धरायला पाहिजे."

आम्ही सांगितले की फेकायचा नाही, दिवाणखान्याच्या भिंतीवर लावायचा आहे.

नाखवा क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले. "भिंतीवर? मग गाठी घट्ट कशाला मारू?"

त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. गाठ घट्ट हवी, कारण मासा धडपडतो. घराचे माप नेमके हवे, कारण लहान पिल्लू सुटले पाहिजे आणि मोठा मासा अडकला पाहिजे. कडेची शिशे सारख्या अंतरावर हवीत, कारण जाळे हवेत गोल उघडून पाण्यावर एकदम पडले पाहिजे. समुद्राने मागितली म्हणून ती सफाई कारागिराच्या हातात आली. भिंत काहीच मागत नाही. सैल गाठीचा पागही भिंतीवर तितकाच शोभला असता, आणि पाहुण्यांनी त्याचे तितकेच कौतुक केले असते. शोभेची वस्तू म्हणून कला जपायची ठरवली की जपले जाते ते तिचे सोंग, असे आम्हाला त्या दिवसापासून वाटू लागले आहे.

जगात याचे एक विलक्षण उदाहरण आहे. जपानमध्ये इसे येथील शिंतो मंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर पुन्हा नव्याने बांधतात आणि जुने उतरवतात. २०१३ मध्ये ते बासष्टाव्या वेळी बांधले गेले. पुढची पाळी २०३३ ची. आपल्याला वाटेल, चांगले उभे असलेले मंदिर पाडायचे कशाला? पण त्यामुळे सुताराच्या प्रत्येक पिढीला ते एकदा तरी सबंध बांधायला मिळते. जो विशीत हाताखाली राबला तो चाळिशीत मुख्य होतो. त्यांनी लाकूड जपण्याऐवजी हात जपला.

इतक्या लांब जायचे कारण नाही. आपले पेण आहेच. पेण आणि भोवतालच्या हमरापूर, जोहे यांसारख्या गावांतून गणेशमूर्तींचे कारखाने घरोघर आहेत. मूर्ती दरवर्षी पाण्यात जाते, म्हणून दरवर्षी हाताला काम मिळते. कोणा सरकारी योजनेने हे टिकवले नाही, लोकांच्या घरातल्या गरजेने टिकवले. अर्थात तेथेही शाडूच्या मातीला मागे सारून प्लास्टर आले, साचे आले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये प्लास्टरवर बंदी घातल्यापासून न्यायालयापर्यंत वाद गेले आणि कारागिरांतच दोन तट पडले. जो माती हाताने घडवतो आणि जो साच्यातून शेकडो मूर्ती काढून बायाबापड्यांना मजुरी पुरवतो, त्यांपैकी कला कोण जपतो आणि पोट कोण जपतो, याचा निवाडा करणे आम्हाला सोपे वाटत नाही.

निवाडा करण्यापेक्षा शिकायला बसावे, असे एका उदाहरणाने मात्र आम्हाला सुचवले. खाली दक्षिण कोकणात सावंतवाडीची लाखेची रंगीत लाकूडकला आणि हाताने रंगवलेली गंजिफांची गोल पाने १९७० च्या सुमारास संपल्यात जमा होती. जाणकार म्हणावेत असे एक वृद्ध चितारी उरले होते. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी त्यांच्यापाशी स्वतः शिकायला बसले, आणि मग राजवाड्यातच त्यांनी कारागीर बसवले. राजाने चिताऱ्यापुढे शिष्य म्हणून बसणे हे आम्हाला अनुदानापेक्षा मोठे वाटते. निर्गम ग्रंथात निवासमंडप घडवणाऱ्या बसालेलाविषयी सांगितले आहे की देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरले ते कारागिरीसाठी. आणि पुढे हेही सांगितले आहे की शिकवण्याची इच्छाही त्याच्या मनात घातली. शिकवणाऱ्याचे ठीक, शिकायला कोण बसणार? ती कला ज्याच्या कुळात जन्मली त्यानेच, असे कोणी ठरवले?

आपल्या घरांकडेच पाहू. आमच्या लहानपणी नाताळच्या आधी पंधरा दिवस बांबूच्या कामट्या तासून, खळ लावून, कागदाची चांदणी घरी होत असे. गोठ्यासाठी गवत, माती, शेजारच्या सुताराने दिलेले लाकडाचे तुकडे. आज चांदणी प्लास्टिकची येते, दिव्यांसकट, आणि जानेवारीत कचऱ्यात जाते. झावळ्यांच्या रविवारी कोवळ्या पातीचा क्रूस वळता येणारी बोटे प्रत्येक धर्मग्रामात आता मोजकीच असतील. या कलांवर कोणाची चूल पेटत नाही, त्या कोणाच्या जातीच्या नाहीत, आणि त्या शिकायला कोणाला नोकरी सोडावी लागत नाही. तरीही त्या आपल्या हातून सुटत आहेत. मग नाखवांच्या नातवाला जाब विचारण्याचा अधिकार आमच्याकडे कुठून आला?

पागाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. आम्ही नाखवांना कळवले की भिंत रद्द, खाडीत फेकायचा पाग विणा. त्यांनी तो तेवीस दिवसांत विणला आणि पैसे चार हजारच घेतले. आमच्या शेजारचा एक तरुण सुट्टीच्या दिवशी खाडीवर जातो, त्याच्या हाती तो दिला. पहिले दोन महिने त्याला तो नीट उघडताच येत नव्हता, आता येतो. आम्हीही सुई आणि पट्टी मागून आणली आहे. बांबूच्या पट्टीवर आमच्या गाठी अजून सरकतात. मुलगा मुंबईहून आला होता, तो थोडा वेळ बघत उभा राहिला, आणि मग त्यानेही एक ओळ विणून पाहिली. ती आमच्यापेक्षा बरी आली.

गेल्या महिन्यात पाग खडकाला लागून हातभर फाटला. आम्ही नाखवांना फोन केला, तो नातवाने उचलला. आजोबांना विचारून त्याने निरोप दिला: घेऊन या, पण आधी गोड्या पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा, ओला आणलात तर हात लावणार नाही.